मालती : दोन्ही काठांचे नाव

मुलीला फुलाचे नाव देण्याची आपली रीत जुनी आहे. जाई, जुई, शेवंता, केतकी, बकुळा ही नावे घरोघर नांदली. परंतु खैरलांजीसारख्या सीमेवरच्या गावातील माणसाने ज्याचा इतिहास आवर्जून पाहावा, असे नाव मालती हे होय.

अमरकोशात सुमना, मालती व जाती हे एकाच फुलाचे पर्याय दिले आहेत. या ‘जाती’चीच मराठीत जाई झाली. हिंदीभाषक शेजारी तिला चमेली म्हणतात. लाल-गुलाबी घोसांची मधुमालती मात्र निराळी.

या फुलाला नायिकापद दिले ते आठव्या शतकातील भवभूतीने. त्याचे पद्मपूर म्हणजे शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादले. त्याच्या ‘मालतीमाधव’ या दहा अंकी प्रकरणात माधव हा विदर्भाच्या अमात्याचा पुत्र. मालती पद्मावतीच्या अमात्याची कन्या. पद्मावती म्हणजे ग्वाल्हेरकडील पवाया. आजच्या नकाशावर वर महाराष्ट्राचा आणि वधू मध्य प्रदेशची! नाटकातील इतर नावेही सुगंधी आहेत : मकरंद, मदयंतिका, लवंगिका. मात्र मालती केवळ शोभेची नाही. राजाच्या मर्जीखातर बाप तिला राजाच्या लाडक्या नंदनास देऊ करतो. अखेर ती मनातल्या वरालाच मिळते. कोमल नाव म्हणजे दुबळे नशीब नव्हे, हे भवभूतीने तेव्हाच सांगून ठेवले.

पुढे हे नाव देशभर पसरले. बाळूताई खरे विवाहानंतर मालती बेडेकर झाल्या; ओडिशाच्या मालती चौधरी संविधान सभेत बसल्या.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आमच्या मुलींची नावे हिंदी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात चढतात. मालती तेथे जशीच्या तशी उतरते. बकुळेचे तसे नाही. हिंदीत ‘ळ’ नसल्याने ती ‘बकुला’ होते, आणि पुढे दाखल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत तशीच राहते.

म्हणून पालकांना एवढेच सांगणे : मालती ठेवा, ती दोन्ही भाषांची लेक आहे. पण बकुळा ठेवलीत, तर नाव दाखल करताना ‘ळ’ लिहवून घ्या. देवनागरीत ते अक्षर आहे, आणि मुलीला मातृभाषेचा पहिला धडा तिच्या नावातूनच मिळतो.