आम्ही पाच आणि मोत्या सहावा

महाभारताच्या अगदी सुरुवातीला एका कुत्र्याला विनाकारण मार बसतो आणि शेवटी एका कुत्र्यासाठी स्वर्ग अडून राहतो, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. शाळेत आम्हाला जे शिकवलं ते सगळं मधलं. हे ज्ञान मला झालं ते मोत्यामुळे, आणि तेही मोत्याला सहलीला नेऊ नये हे सिद्ध करण्याच्या प्रयत्नात.

मोत्या आमच्या घरी आला तो एका पावसाळ्यात, मीनूच्या रेनकोटात गुंडाळून. जात गावठी, रंग फोडणी करपल्यासारखा, एक कान उभा आणि दुसरा अजून विचारात पडलेला. मी त्याच दिवशी निक्षून विचारलं होतं, "या घरात कुत्रा राहणार की मी?" सौ.ने उत्तर द्यायला जो वेळ घेतला, त्यावरून मी प्रश्न मागे घेतला.

तर मे महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी राजमाचीला जायचं ठरलं. पाऊस तोंडावर आला की तिथे झाडंच्या झाडं काजव्यांनी पेटतात, ती पाहायची, तंबू ठोकून रात्र काढायची. मंडळी पाच : मी, सौ., आमची मीनू, सौ.चे बंधू नाना आणि त्यांचे चिरंजीव शिरीष. प्रश्न उरला मोत्याचा. शेजारचे कोकणात गेलेले. मीनूने जाहीर केलं, "मोत्या नाही तर मी नाही."

"कुत्र्याला कोणी डोंगरावर नेतं का?" नाना म्हणाले.

नानांचं आणि माझं एकमत होण्याचा प्रसंग पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच आला होता. तो वाया जाऊ नये म्हणून मी पुस्तकं काढून बसलो. म्हटलं, इतिहासात असा दाखलाच नाही हे एकदा मुलीला दाखवून द्यावं. पण इतिहास ही मोठी बेइमान चीज आहे. आपण बोलावलेला साक्षीदार तिथे हमखास उलटतो.

पहिलाच साक्षीदार धर्मराज. पांडव राज्य सोडून निघाले तेव्हा पाच भाऊ, सहावी द्रौपदी आणि सातवा कुत्रा. आपल्याला वाटतं हे थेट हिमालयात गेले. तसं नाही. आधी पूर्वेला, मग दक्षिणेला, मग पश्चिमेला समुद्रात बुडालेली द्वारका पाहून अखेर उत्तरेला. साऱ्या भारताची प्रदक्षिणा, पायी, आणि तो कुत्रा सगळीकडे बरोबर. हिमालय ओलांडल्यावर एकेक जण कोसळू लागला. आधी द्रौपदी, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. प्रत्येक जण का पडला याचं कारण धर्मराज चालता चालता सांगतो. सहदेवाला बुद्धीचा गर्व, नकुलाला रूपाचा, अर्जुनाला शौर्याचा. भीम खादाड आणि बढाईखोर. कारण सांगायचं आणि मागे वळून न पाहता पुढे जायचं. मागून येत राहिला तो फक्त कुत्रा.

मग इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, बस. धर्मराज म्हणतो, कुत्रा बरोबर येईल. इंद्र म्हणतो, स्वर्गात कुत्रेवाल्यांना जागा नाही. (आमच्या सोसायटीच्या नियमावलीचा उगम मला इथे सापडला.) शिवाय इंद्र बिनतोड मुद्दा काढतो : अरे, भाऊ सोडलेस, बायको सोडलीस, मग या कुत्र्याचा एवढा मोह कसला? धर्मराजाचं उत्तर असं की ती गेलेली होती, त्यांना उठवणं माझ्या हाती नव्हतं. जिवंतपणी मी कोणाला सोडलं नाही. हा जिवंत आहे आणि माझ्या भरवशावर आलाय. एवढं झाल्यावर कळतं की कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष यमधर्म होता.

आणि आरंभी? आदिपर्वात जनमेजयाचं सत्र चालू असताना तिथे एक कुत्र्याचं पिल्लू येतं. जनमेजयाचे भाऊ त्याला झोडपतात. ते रडत आईकडे जातं. आई म्हणजे सरमा, देवांची कुत्री. ती येऊन विचारते, याने हविर्द्रव्याला तोंड लावलं नाही, नुसतं पाहिलंही नाही, मग का मारलंत? कोणाकडेच उत्तर नसतं. तेव्हा ती शाप देते की तुमच्यावरही असंच न दिसणारं भय येईल. एवढ्या थोर ग्रंथात कुत्र्याची फिर्याद आधी नोंदलेली आहे, हे पाहून मी जरा सावरून बसलो.

मी ही सगळी हकिकत घरात वाचून दाखवली. मीनू खूश झाली. सौ. मात्र भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे बायको पडली तेव्हा मागे वळून पाहिलं नाही, आणि कुत्र्यासाठी रथ अडवून धरला!"

याला धर्मराजाकडेही उत्तर नसावं. मी घाईघाईने दुसरा साक्षीदार बोलावला.

दुसरा घरचाच. सातारच्या शाहू महाराजांना शिकारीत वाघापासून त्यांच्या कुत्र्याने वाचवलं, त्याबद्दल त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, अशी हकिकत ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासात आहे. या खंड्या कुत्र्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे. मला नोकरीत इतकी वर्षं काढून पालखी सोडाच, रिक्षाचं भाडंही कधी मिळालं नाही. हा साक्षीदारही मी परत पाठवला.

तिसरा साक्षीदार थेट स्वित्झर्लंडचा, म्हणून मोठ्या आशेने गेलो. साहेब लोक शिस्तीचे, ते काही कुत्री घेऊन हिंडणार नाहीत. तिथे भेटली चिंगेल. ग्रिंडेलवाल्डचा नामांकित वाटाड्या ख्रिश्चन आल्मर, त्याची ही कुत्री. १८६५ साली चिंगेल नावाची हिमनदीवरची खिंड ओलांडली म्हणून तिचं नाव चिंगेल पडलं. १८६८ साली कूलिज नावाचा सतरा वर्षांचा अमेरिकन मुलगा आयगर शिखर चढायला गेला आणि हरून परतला. त्याचा पडलेला चेहरा पाहून आल्मरने त्याची समजूत काढायला आपली कुत्री देऊन टाकली. मला हा आल्मर फार आवडला. हरलेल्या माणसाला उपदेश न करता कुत्रा देणारे वाटाडे हल्ली राहिले नाहीत.

पुढे कूलिज, त्याची मावशी मेटा ब्रेव्हूर्ट आणि चिंगेल यांनी सारा आल्प्स पालथा घातला. चिंगेलच्या नावावर तीस शिखरं आणि छत्तीस खिंडी जमा आहेत. १८७५ च्या जुलैत ती माँ ब्लाँवर, म्हणजे ४,८०० मीटरहून उंच, स्वतःच्या चार पायांवर जाऊन आली. ती रेड वाईन पीत असे आणि पातळ चहाही. लंडनच्या अल्पाइन क्लबाची मानद सभासद म्हणून तिचा गमतीने उल्लेख होई. १८७९ साली ती म्हातारी होऊन इंग्लंडात झोपेतच गेली.

आणि मावशी? मावशी स्वतः १८६५ साली माँ ब्लाँ चढून गेली होती. पण अल्पाइन क्लब पुरुषांचा. बीचहॉर्न या शिखरावरच्या चढाईचा लेख तिने लिहिला, तो क्लबाच्या नियतकालिकात १८७२ साली छापून आला भाच्याच्या नावाने. १८७६ साली ती वारली. क्लबाने बायकांना प्रवेश दिला १९७४ साली.

"म्हणजे कुत्री चालली, मावशी नाही," सौ. म्हणाली आणि भाजीची ताटली उचलून आत गेली. इतिहास संशोधन तिथेच थांबलं. तिन्ही साक्षीदार उलटल्यामुळे मोत्याचं नाव यादीत घालणं मला भाग पडलं.

शनिवारी पहाटे लोणावळ्याहून चालायला सुरुवात केली. तुंगार्लीवरून वळवंडमार्गे राजमाचीच्या उधेवाडीपर्यंत पंधराएक किलोमीटर. उन्हं चढायच्या आत पोचायचं, कारण माणसाला घाम येतो तसा कुत्र्याला अंगभर येत नाही. त्याचा सारा कारभार जिभेवर. ओढे कोरडे पडलेले, तेव्हा पाणी बरोबर घेतलेलं. मोत्या माझ्या ओंजळीतून पाणी प्यायला. ओंजळ माझीच का, हे मी त्याला विचारलं नाही. उगाच लळा लागायचा.

आणि मग महाप्रस्थान सुरू झालं. पहिला कोसळला शिरीष. त्याला दर वळणावर स्वतःचे फोटो काढायचे होते, म्हणजे नकुल. त्यानंतर नाना एका आंब्याखाली बसले ते शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा संपेपर्यंत उठले नाहीत. भीमाबद्दल मी काही बोललो नाही, नाना सौ.चे सख्खे भाऊ. वळवंडच्या पुढे मीनूचा पाय मुरगळला. सौ. मात्र खांद्याला पिशवी अडकवून सर्वांच्या पुढे पन्नास पावलं चालली होती. द्रौपदीचं प्रकरण आमच्याकडे पुन्हा तपासून घ्यायला हवं.

उधेवाडीत ज्यांच्या अंगणात तंबू ठोकले, त्या मावशींनी पिठलं-भाकरी वाढता वाढता मोत्याकडे पाहून सांगितलं, "दादा, कुत्रं बाहेर बांधू नका हां. बिबट्या येतो. आमची दोन नेली."

मोत्या तंबूत आला. संध्याकाळी श्रीवर्धनच्या बुरुजावरून खालचं कोकण पाहिलं, अंधार पडल्यावर काजवे पाहिले. त्याचं वर्णन मी करत नाही. झाड एका लयीत उजळतं आणि विझतं, तेव्हा नानासुद्धा गप्प बसले, एवढं सांगितलं की पुरे.

रात्री दोनच्या सुमारास शरीरधर्मासाठी उठलो. टॉर्च घेतला, तंबूची चेन उघडली आणि झोपेत तशीच उघडी टाकून गेलो. परत येऊन पाहतो तर मोत्याच्या जागी नुसता पट्टा.

कोणाला उठवायची छाती झाली नाही. चेन मी उघडी टाकली होती. दबक्या आवाजात "मोत्या, मोत्या" करत गावाबाहेर पडलो आणि दोन्ही किल्ल्यांच्या मधल्या भैरवनाथाच्या देवळाकडे निघालो. टॉर्चचा उजेड समोर फिरवतोय, कान झाडीकडे लागलेत, आणि डोक्यात एकच : सकाळी मीनूला काय सांगू? आणि त्याहून खाली, आणखी एक : माझ्या ओंजळीतून पाणी पिणारं ते काळपट डोकं. सरमेचा तो प्रश्न आठवला. याने काय केलं होतं?

देवळाच्या पायरीवर बसलो. पाय खरोखरच थरथरत होते. तेवढ्यात कोपराला काहीतरी गार, ओलं लागलं.

मोत्याचं नाक.

"कुठे होतास?" मी म्हटलं. आवाज चढवायचा होता, तो निघालाच नाही. टॉर्च आल्या वाटेवर टाकला. धुळीत माझ्या चपलांचे ठसे होते, आणि त्या ठशांवर, बरोबर मधोमध, कुत्र्याच्या पंजाचे. गावापासून पायरीपर्यंत. मी त्याला पुढे शोधत होतो आणि तो सगळा वेळ माझ्या मागेच होता. मी तंबूतून निघालो तेव्हाच तो निघाला असणार. इतिहासकार ज्याला अस्सल पुरावा म्हणतात तो हाच. फक्त मी एकदा मागे वळून पाहायला हवं होतं.

रविवारी मीनूचा पाय चांगलाच सुजला, म्हणून लोणावळ्याला जाणारी एक जीप ठरवली. चालक नम्र होता. "बसा साहेब. कुत्रं मात्र नाही चालणार. सीटा खराब होतात."

मी पैसे वाढवून देऊ केले. तो इंद्रासारखाच ठाम. तेव्हा नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, गावठीच आहे. इथे मोकळं रानात राहील मजेत. पुढच्या आठवड्यात येऊन नेऊ."

मला मावशींची दोन कुत्री आठवली. आठवड्यापूर्वी मी नानांशी एकमत झालो असतो. "तुम्ही मीनूला सांभाळून न्या," मी म्हटलं, "आम्ही चालत येतो." मीनू काही बोलली नाही, फक्त मोत्याची पाण्याची बाटली तिने माझ्या हातात दिली.

जीप सुरू झाल्याचा आवाज आला. पुढे पंधरा किलोमीटर, वर मे महिन्याचं ऊन. धर्मराजासारखं ताठ मानेने चालावं असं वाटत होतं. पण रात्रीचा धडा ताजा होता. दहा पावलांवर मी मागे वळून पाहिलं.

जीपचं दार उघडं होतं. सौ. पिशवी घेऊन खाली उतरत होती.

"तुम्हाला वाट सापडायची नाही," जवळ येत ती म्हणाली. "मोत्याला सापडेल, पण त्याला तुम्ही विचारणार नाही."

दुपार टळता टळता लोणावळ्याला पोचलो. मोत्या काही यमधर्म होऊन प्रकट झाला नाही. तुंगार्लीच्या पहिल्याच विजेच्या खांबाशी त्याने आपण निव्वळ कुत्रा असल्याचं सिद्ध केलं. सौ. पुढे, मी मध्ये, तो मागे. मी दर थोड्या वेळाने वळून पाहत होतो, आणि तो दर वेळी तिथेच होता.