यजमानावर पाहुण्याने किती विसंबावे?

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

माझे आजोबा गेले त्या वर्षी वडिलांचे बोट धरून मी पहिल्यांदा नाशिकला आलो. आम्ही तेव्हा नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहत होतो. रामकुंडावर उतरताच चार-सहा जणांनी आम्हाला गाठले. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "गाव कोणतं? आडनाव काय?" शेवटी एक वृद्ध क्षेत्रोपाध्ये आम्हाला आपल्या घरी घेऊन गेले. माडीवरून त्यांनी एक लांबट वही आणली, पण ती उघडून लगेच आमच्यापुढे ठेवली नाही. "तुमच्या आजोबांचं नाव? त्यांचे भाऊ किती?" असे ते विचारत गेले आणि वडील सांगत गेले. उत्तरे जुळली तेव्हा कुठे वही आमच्याकडे वळली. पणजोबांची नोंद मोडीत होती. तिच्याखाली आजोबांचे अक्षर होते. ते अक्षर वडिलांनी ओळखले आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्या वेळी मला त्यात नवल एवढेच वाटले, की परक्या गावात आपल्या घरची माणसे सापडली. पुढे आयुष्यभर संगणक शिकवण्याचे काम केले, तेव्हा त्या प्रसंगाचा दुसरा अर्थ कळला. तिथे दोन्ही बाजूंनी परीक्षा झाली होती. गुरुजींनी आम्हाला पारखले, आणि वहीतले अक्षर पाहून आम्ही गुरुजींना पारखले. उद्या कोणीही उठून "मी तुमचा उपाध्याय" म्हणू शकेल, पण ती वही तो कुठून आणणार? आज मला ज्या विषयावर बोलायचे आहे, तो हाच आहे. फक्त माणसांच्या जागी यंत्रे आहेत.

नाशिकच्या जुन्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हा विषय सोपा जाईल. वाडा एक, मालक एक, आत बिऱ्हाडे दहा. प्रत्येकाची चूल वेगळी, कडी-कुलूप वेगळे. पण पाया, छप्पर, पाण्याचा हौद आणि दिंडीदरवाजा मालकाचा. आजच्या मोठ्या संगणकांत अगदी असेच असते. लोखंडी यंत्र एकच असते आणि त्याच्या पोटात दहा-वीस 'आभासी' संगणक नांदत असतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. प्रत्येकाला वाटते की आपण स्वतंत्र आहोत. या सर्वांना जागा, वेळ आणि स्मृती वाटून देणारी जी आज्ञावली असते, ती हायपरव्हायजर. इंग्रजीत वाड्याच्या मालकाला 'होस्ट' आणि बिऱ्हाडकरूला 'गेस्ट' म्हणतात. आपण यजमान आणि पाहुणा म्हणू.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज येथे आयबीएमचे संशोधन केंद्र होते. तिथे रॉबर्ट क्रीसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये कामाला सुरुवात केली आणि १९६७ मध्ये 'सीपी-४०' नावाची अशी पहिली व्यवस्था चालू केली. कारण साधे होते. संगणक अतिशय महाग आणि वापरणारे अनेक. प्रत्येकाला स्वतःचा संगणक मिळाल्याचा भास करून दिला, तर एकाच यंत्रावर सर्वांचे भागते. १९७२ मध्ये आयबीएमने 'व्हीएम/३७०' या नावाने ही सोय ग्राहकांना दिली.

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी या विषयाचे शास्त्र मांडले. अशा व्यवस्थेच्या त्यांनी सांगितलेल्या लक्षणांपैकी एक फार महत्त्वाचे आहे. यंत्राच्या सर्व साधनांवर ताबा यजमानाचाच हवा. पाहुण्याने यजमानाला ओलांडून काही करता कामा नये. या विचारात भीती कोणाची आहे, ते पाहा. ती पाहुण्याची आहे. बिऱ्हाडकरू भिंत फोडून शेजारी शिरेल, मालकाच्या तिजोरीपर्यंत जाईल, ही चिंता. मालकच फिरला तर काय, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडण्याचे कारण नव्हते. यंत्र आपलेच, खोलीही आपलीच आणि तिची किल्लीही आपल्याच खिशात होती.

पुढे दिवस बदलले. १९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी निघाली आणि तिने साध्या संगणकांवरही हे तंत्र आणले. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून 'झेन' हा हायपरव्हायजर आला. २००६ मध्ये ॲमेझॉनने आपल्या यंत्रांतली बिऱ्हाडे तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. आता मालक वेगळा आणि भाडेकरू वेगळा झाला, दोघांची तोंडओळखही राहिली नाही. भीती मात्र जुनीच राहिली. २०१५ मध्ये 'व्हेनम' नावाचा दोष उघडकीला आला, तेव्हा जगभर गडबड उडाली. जुन्या फ्लॉपी डिस्कसाठी ठेवलेल्या अडगळीतल्या आज्ञावलीतून पाहुणा यजमानाच्या घरात शिरू शकत होता. तो दोष तातडीने बुजवला गेला. पण लक्ष पुन्हा पाहुण्यावरच होते.

उलट्या बाजूचा धक्का २०२३ मध्ये बसला. व्हीएमवेअरच्या व्यवस्थेत प्रत्येक पाहुण्याच्या घरात 'टूल्स' नावाचा एक मदतनीस ठेवण्याची पद्धत आहे. घड्याळ जुळवणे, यंत्र नीट बंद करणे, फायली इकडून तिकडे देणे ही त्याची कामे. यजमानाकडून निरोप आला की तो घरात हुकूम पाळतो. पण त्याआधी त्याने त्या घरचे नाव आणि परवलीचा शब्द विचारायचा असतो. मालकाकडे वाड्याची किल्ली असली तरी माझ्या खोलीत काम सांगायचे, तर माझी खूण पटवलीच पाहिजे, असा तो नियम.

जून २०२३ मध्ये मँडिअंट या सुरक्षा-संस्थेने जाहीर केले, की हेरांच्या एका टोळीने हा नियम निष्फळ केला आहे. ही टोळी चीनशी संबंधित असावी असा त्यांचा कयास होता आणि त्यांनी तिला 'यूएनसी ३८८६' असे नाव दिले होते. टोळीने आधी यजमान ताब्यात घेतला. मग मदतनिसाचा प्रश्न विचारण्याचा टप्पाच फोल ठरवला. पाहुण्याचा परवलीचा शब्द ठाऊक नसताना त्याच्या घरात हुकूम चालू लागले. त्याहून वाईट म्हणजे, कोणी ओळख पटवून आत आल्याची नोंद पाहुण्याच्या दप्तरात नेहमीच्या मांडणीत उमटतही नव्हती. यजमान आणि पाहुणा यांच्यातली वाट यंत्राच्या पोटातूनच जाते, त्यामुळे नेटवर्कवर पहारा देणाऱ्या फायरवॉललाही काही दिसत नव्हते.

या दोषाला 'सीव्हीई-२०२३-२०८६७' हा क्रमांक मिळाला. त्याच्या तीव्रतेला दहापैकी गुण मिळाले ३.९, म्हणजे 'कमी'! हिशेब चुकीचा नव्हता. यजमान आधीच पूर्ण ताब्यात असल्याशिवाय हा दोष वापरता येत नाही, म्हणून गुण कमी. पण हे म्हणजे, "मालकच चोर निघाला तर आम्ही काय करणार?" असे म्हणून बिऱ्हाडाचे कुलूप तपासायचेच सोडून देण्यासारखे झाले.

श्रोत्यांना वाटेल, ही दूरदेशीची गोष्ट आहे. नाशिककरांना तरी तसे वाटू नये. नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात तिकिटे आणि मुद्रांक छापले जातात, शेजारच्या मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. मुद्रांक खरा, कारण तो नाशिकला छापलेला, एवढा त्या छापखान्याचा दरारा. अब्दुल करीम तेलगीने या दराऱ्यालाच हात घातला. नाशिकच्या मुद्रणालयाने निकामी म्हणून काढलेली यंत्रे लिलावातून त्याच्या हाती गेली आणि त्यांवर बनावट मुद्रांक छापले गेले. २००१ मध्ये त्याला अजमेरला अटक झाली, पुढे तीस वर्षांची शिक्षा झाली. पण त्याआधी वर्षानुवर्षे बँका, विमा कंपन्या आणि कचेऱ्यांनी ते कागद बिनदिक्कत स्वीकारले. कागद हातात घेणाऱ्याला, "हा तुम्हीच छापला का?" असे छापखान्याला विचारण्याची सोयच नव्हती. कागदच स्वतःची साक्ष देत होता. आता ई-मुद्रांकावर क्रमांक असतो आणि तो मूळ नोंदीशी ताडून पाहता येतो. हे शहाणपण आपण फार मोठी किंमत देऊन मिळवले.

यंत्रा-यंत्रांतल्या विश्वासाचे उदाहरण हवे असेल, तर पुण्याचे आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. एटीएममधून येणारी विचारणा बँकेच्या मुख्य संगणकापर्यंत पोचण्याआधीच चोरांनी एका बनावट व्यवस्थेकडे वळवली. ती व्यवस्था प्रत्येक विचारणेला 'द्या' म्हणत गेली. अनेक देशांतून काही तासांत पैसे निघाले, आणि त्यानंतर हाँगकाँगला पाठवलेली रक्कम धरून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. इथे हायपरव्हायजरचा संबंध नव्हता, पण चूक त्याच कुळातली. उत्तर आतल्या बाजूने आले, म्हणून ते घरच्याचेच असणार, असे धरून चालले गेले.

काही वर्षांपूर्वी नाशिकमधल्या एका संस्थेने मला संगणक-व्यवस्था पाहायला बोलावले. नाव सांगत नाही, माणसे चांगली होती. पाहुणे-यंत्रांचे परवलीचे शब्द लांबलचक आणि दर महिन्याला बदललेले. मी विचारले, "यजमानाचा?" तरुण व्यवस्थापक जरा घुटमळला आणि त्याने कपाटाच्या दाराच्या आतली चिठ्ठी दाखवली. "सर, ते यंत्र तर आपलंच आहे ना," तो म्हणाला. पन्नास वर्षांचा इतिहास त्या एका वाक्यात होता. मला त्याच्यावर रागावता आले नाही, कारण आमच्या पिढीने वर्गात हेच शिकवले होते.

आता शिकवायचे ते वेगळे आहे. यजमानाची किल्ली सर्वांत जपायची, कारण तिने सगळी बिऱ्हाडे उघडतात. मदतनिसाची आवृत्ती वेळच्या वेळी बदलायची आणि त्याच्याकडून बाहेरचे हुकूम घ्यायची गरज नसेल तिथे ती सोय बंद ठेवायची. घटनांची नोंद त्याच वाड्यात न ठेवता दुसरीकडे पाठवायची. चिप बनवणारेही जागे झाले आहेत. एएमडीने २०१७ पासून आणि नंतर इंटेलने अशा चिप आणल्या, की पाहुण्याची स्मृती यजमानालाही वाचता येऊ नये आणि आपण खऱ्या यंत्रावर आहोत याचा दाखला पाहुण्याला चिपकडून मागता यावा. त्यांतही संशोधकांना फटी सापडल्या आहेत. तरीही पाहुण्याने यजमानाला प्रश्न विचारायचा, ही दिशा मला बरोबर वाटते. आपली बँक, दवाखान्यातले आपले कागद, २०१८ पासून डिजिटल सहीने मिळणारा आपला सातबारा, हे सगळे कुठल्यातरी यंत्राच्या पोटात असते. तो वाडा कोणाचा आणि त्याची किल्ली कोणाकडे, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

वडील गेले तेव्हा मी पुन्हा त्याच माडीवर गेलो. आता गुरुजींचे चिरंजीव वही सांभाळतात. आम्ही एकाच गावात राहतो, भाजीबाजारात रोज भेटतो. तरी वही उघडण्याआधी त्यांनी विचारले, "आजोबांचं नाव?" मी सांगितले. मग त्यांनी वही माझ्याकडे वळवली, आणि मीही आधी आजोबांचे अक्षर शोधले.