मत्स्यपेटीच्या दिव्याचे पंखा-शीतन

मत्स्यपेटीवर बसवलेल्या घरगुती दिवापेटीत साठणारी उष्णता लहान विजेच्या पंख्यांनी बाहेर काढण्याची व्यवस्था. पाणवनस्पती व प्रवाळ वाढवण्यासाठी प्रखर प्रकाश लागतो. त्यासाठी लाकूड, ॲक्रिलिक किंवा ॲल्युमिनियमच्या पेटीत हौशी मंडळी स्वतः ट्यूब किंवा एलईडी बसवतात. पेटी बंदिस्त असली की उष्णता आतच कोंडते.

उष्णतेचे परिणाम : ४ फुटी, ५४ वॅटच्या चार टी-५ ट्यूब मिळून २१६ वॅट वीज घेतात, तिचा मोठा भाग थेट उष्णता होतो. टी-५ ट्यूबचा प्रकाश भोवतालची हवा सुमारे ३५° से. असताना सर्वाधिक असतो. हवा त्याहून तापली तरी किंवा फार थंड झाली तरी तो घटतो. म्हणून वाऱ्याचा झोत थेट ट्यूबवर सोडत नाहीत. एलईडीची उष्णता चकतीच्या मागील बाजूने निघते. ती वाहून गेली नाही, तर प्रकाश मंदावतो व आयुष्य घटते. पाणीही तापते. गोड्या पाण्यात २५° से. ला लिटरमागे सुमारे ८.३ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळू शकतो, ३०° से. ला ७.५ मिग्रॅ.; त्याच वेळी माशांची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते.

पंख्याची निवड : संगणकात वापरतात तसे १२ व्होल्टचे, ८० किंवा १२० मिमी.चे पंखे सोयीचे पडतात. पंखा उष्णता नाहीशी करत नाही, फक्त वाहून नेतो. पेटीतून जाणारी हवा १०° से. ने तापू द्यायची असेल, तर १०० वॅट उष्णतेसाठी मिनिटाला सुमारे अर्धा घनमीटर हवा लागते. जाळी व अरुंद फटी यांमुळे पंख्यावर लिहिलेला प्रवाह प्रत्यक्षात मिळत नाही. म्हणून मोठा पंखा घेऊन कमी वेगाने चालवावा. त्याने आवाजही कमी होतो.

हवेची वाट : शीतनाचे यश पंख्यांच्या संख्येपेक्षा हवेच्या वाटेवर ठरते. एका टोकाला आत येण्याची व दुसऱ्या टोकाला बाहेर जाण्याची जागा हवी, आणि दोन्ही छिद्रे पंख्याच्या तोंडाहून लहान नसावीत. खोलीतील हवा आत ढकलणारा पंखा कोरडा राहतो. पेटीतली हवा ओढणाऱ्या पंख्यावर मात्र पाण्याची वाफ व खाऱ्या टाकीतले तुषार येऊन गंज चढतो. दिवे व पाणी यांमध्ये काच घातल्यास दिवेही सुरक्षित राहतात. एलईडी ॲल्युमिनियमच्या पंखदार पट्टीवर उष्णतावाहक लेप लावून बसवावेत व झोत त्या पंखांमधून जाऊ द्यावा.

पाण्यावरून वारा : पाण्याच्या पृष्ठावरून वारा गेला, तर बाष्पीभवनाने पाणी थंड होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. कोकणातल्या दमट हवेत हा लाभ कमी मिळतो. खाऱ्या टाकीत मीठ मागे राहत असल्याने घटलेली पातळी गोड्या पाण्याने भरावी.

सुरक्षितता : धातूच्या पेटीला अर्थिंग व जोडणीला गळती-विद्युत् रोधक असावा. पेटीत तापमान-स्विच बसवल्यास पंखा बंद पडून पेटी फार तापली की दिवेही विझतात. वायर टाकीवरून खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत पोचत नाही. पात्यांवरील धूळ व मीठ वेळोवेळी पुसावे. भर उन्हाळ्यात, दिवे काही तास चालू राहिल्यावर पाण्याचे तापमान मोजणे ही या व्यवस्थेची खरी कसोटी होय.