अमेरिकेतलं लिबरल आर्ट्स कॉलेज: किंमत कोणी मोजली?

आजचा विषय वरवर पाहता इतिहासाचा वाटत नाही. अमेरिकेतल्या नावाजलेल्या खाजगी लिबरल आर्ट्स कॉलेजांत शिकणं, राहणं आणि जेवण मिळून एका वर्षाचा जाहीर खर्च आता ८० हजार डॉलरच्या पुढे गेलाय. चार वर्षांचे झाले तीन लाखांहून जास्त. आपल्याकडच्याही काही घरांत हा आकडा कागदावर मांडला जातो, फ्लॅट गहाण ठेवायचा का इथपर्यंत बोलणं येतं, आणि मग कोणीतरी विचारतं, एवढे पैसे वसूल होणार का?

हा प्रश्न नवा नाही. पण पूर्वी त्याची किंमत दुसरंच कोणीतरी मोजत होतं. ते कोण, हे आज आपण पाहू.

आधी शब्द समजून घेऊ. इथल्या 'लिबरल'चा राजकारणाशी संबंध नाही. गुलाम नसलेल्या, मुक्त माणसानं जे शिकावं ते लिबरल शिक्षण, अशी मूळची कल्पना. व्याकरण, तर्क, वक्तृत्व, गणित, भूमिती, संगीत, खगोल हे तिचे जुने विषय. म्हणजे ज्याला पोटाची चिंता नाही त्याचंच हे शिक्षण, हा अर्थ जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे. १८२८ मध्ये येल कॉलेजच्या अध्यापकांनी एक अहवाल काढला. लॅटिन-ग्रीक कशाला, धंद्याला उपयोगी पडेल ते शिकवा, अशी ओरड तेव्हाही होत होती. अध्यापकांचं म्हणणं असं की, कॉलेजचं काम धंदा शिकवणं हे नव्हे, बुद्धीला वळण लावणं हे आहे. एकदा वळण लागलं की धंदा पुढे शिकता येतो. आजची कॉलेजंही थोड्याफार फरकानं हेच सांगतात.

पण त्या काळातली पुष्कळ कॉलेजं श्रीमंतांसाठी काढलेली नव्हती, ही गोष्ट आपण विसरतो. ॲमहर्स्ट १८२१ मध्ये सुरू झालं ते धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या गरीब मुलांना शिकवण्याच्या हेतूनं, आणि त्यासाठी वर्गणीतून निधी उभा केला होता. १८३७ मध्ये मेरी लायन या शिक्षिकेनं मॅसॅच्युसेट्समध्ये मुलींसाठी माउंट होल्योक ही संस्था उघडली. शिक्षण आणि राहणं-जेवण मिळून वर्षाला ६० डॉलर. हे जमलं कसं? स्वयंपाक, धुणी, झाडलोट ही कामं मुलीच करत. शिक्षिकांचे पगार मुद्दाम कमी ठेवले होते, स्वतः लायनबाईंचासुद्धा. आणि इमारतीसाठी त्या हातात मखमली पिशवी घेऊन गावोगाव फिरल्या होत्या. म्हणजे किंमत होतीच. ती मुलींच्या श्रमातून, शिक्षिकांच्या त्यागातून आणि लहानसहान देणग्यांतून भरली जात होती.

ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजची गोष्ट तर मोठी मासलेवाईक आहे. काळ्या विद्यार्थ्यांना १८३५ पासून आणि मुलींना पदवीच्या वर्गात १८३७ पासून प्रवेश देणारं हे कॉलेज. पण तिजोरी कायम रिकामी. १८५० च्या सुमारास त्यांनी शिष्यवृत्त्या विकायला काढल्या. १०० डॉलर भरा आणि एका विद्यार्थ्याच्या फुकट शिक्षणाचा कायमचा हक्क घ्या! इतर कॉलेजांनीही हाच मार्ग धरला. रोख पैसा हातात आला खरा, पण पुढची कित्येक वर्षं वर्ग भरलेले आणि फी मात्र नाही, अशी अवस्था झाली.

हा हिशेब आपल्याला अनोळखी वाटू नये. पुण्यात १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघालं तेव्हा डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षं, महिना ७५ रुपयांवर शिकवायचं व्रत घेतलं. आगरकर, गोखले त्यातलेच. इथंही शिक्षणाची किंमत शिक्षकांच्या घरानं सोसली. आणि ती सोसताना ताण आलाच: सदस्यांनी बाहेरून कमाई करावी की नाही, हा टिळकांच्या १८९० च्या राजीनाम्यामागच्या वादांतला एक मोठा मुद्दा होता. त्यागावर संस्था उभी राहते, पण पिढ्यान्‌पिढ्या तिला त्यावर चालवता येत नाही.

मग अमेरिकेत फी वाढली कशी? पहिलं कारण, त्याग संपला. प्राध्यापकी हा पगारी पेशा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. दुसरं कारण अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं. कारखान्यात यंत्रं आली, एक माणूस दहा माणसांचं काम करू लागला, पगार वाढले. पण पंधरा विद्यार्थ्यांचा चर्चावर्ग घ्यायला १८३७ मध्ये एक शिक्षक लागत होता, आजही एकच लागतो. पगार मात्र त्यालाही इतरांच्या जवळपास द्यावा लागतो. लहान वर्ग हेच ज्या कॉलेजाचं वैशिष्ट्य, तिथं ही वाढ टळत नाही. त्यात वसतिगृहं, क्रीडांगणं, समुपदेशक, कार्यालयं यांची भर पडली.

तिसरी गोष्ट जरा नीट समजून घेण्यासारखी आहे. जाहीर फी आणि प्रत्यक्ष भरली जाणारी फी या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. अलीकडच्या वर्षांत तिथल्या खाजगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फीमध्ये सरासरी निम्म्याहून अधिक सूट मिळते. म्हणजे साडीच्या दुकानासारखं झालं, लेबलवरचा भाव वेगळा आणि देण्याचा वेगळा. पण ही सूट सर्वांना सारखी नसते. परदेशी विद्यार्थ्यांना सरकारी मदत मिळत नाही, आणि पैसे भरण्याची ऐपत न पाहता त्यांना प्रवेश देणारी ॲमहर्स्टसारखी कॉलेजं मोजकीच आहेत.

आता मोबदल्याकडे येऊ. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे. १९७६ मध्ये कॉलेजात गेलेल्या मुलांची पुढची कमाई त्यांनी तपासली. सारख्याच कॉलेजांनी निवडलेल्या मुलांपैकी काही नावाजलेल्या ठिकाणी गेली, काही साध्या ठिकाणी. सरासरी कमाईत फारसा फरक पडला नाही. गरीब घरच्या मुलांना मात्र फायदा झाला. अभ्यास केवळ लिबरल आर्ट्स कॉलेजांचा नव्हता आणि त्यानं मोजला तो फक्त पैसा. तरी त्यातून निघणारा अर्थ आपल्याला विचारात पाडतो. ज्यांच्या घरी पुस्तकं आणि ओळखी आधीच आहेत, त्यांच्या कमाईत मोठ्या नावानं फारशी भर पडत नाही. ज्यांच्याकडे त्या नाहीत त्यांना ते नाव उपयोगी पडतं, आणि पूर्ण फी भरणं नेमकं त्यांनाच अशक्य असतं.

यातून वाट काढलेली उदाहरणंही आहेत. केंटकीतलं बेरिया कॉलेज १८९२ पासून शिक्षणशुल्क घेत नाही. प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला निदान दहा तास काम करतो, बाकीचा भार साठवलेल्या निधीवर. उलट व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायर या मुलींच्या कॉलेजनं २०१५ मध्ये बंद होण्याची घोषणा केली. माजी विद्यार्थिनी कोर्टात गेल्या, पैसे जमवले आणि कॉलेज वाचवलं. एरवी चांगलं शिकली-सवरलेली माणसं बुडत्या संस्थेसाठी इतकी धावत नाहीत. पगाराच्या आकड्यात न दिसणारं काहीतरी त्यांना तिथं मिळालं होतं, एवढं तरी यातून मानावं लागतं.

तेव्हा 'परवडतं का' याचं एक उत्तर नाही, पण विचारायचा क्रम इतिहास आपल्याला देतो. आधी, सूट वजा जाता प्रत्यक्ष किती भरायचे? मग, ते कोण भरणार: दाता, संस्था, की आईवडिलांचं म्हातारपण? आणि शेवटी, या मुलाला वा मुलीला तिथं असं काय मिळेल जे जवळच्या चांगल्या कॉलेजात मिळणार नाही? ॲमहर्स्टचे दाते आणि मेरी लायन हे शिक्षणाला अमोल मानत होते, पण त्याचा सगळा बोजा एका घरावर टाकत नव्हते. कर्ज काढून जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आज तो सगळा येतो. मुक्त माणसाचं शिक्षण घेऊन बाहेर पडलेली मुलगी हप्त्यांपायी पहिली मिळेल ती नोकरी धरत असेल, तर त्या 'मुक्त' शब्दाचं काय करायचं, हे आपण सर्वांनीच स्वतःला विचारायला हवं.

इथं थांबू. प्रश्न असतील तर घेऊ.