फिलाडेल्फियाची अग्निशामक मंडळी

ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत फिलाडेल्फियाच्या आगीच्या बंबाचे काय प्रयोजन, असा प्रश्न सभासदबंधूभगिनींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु नियमावली, मासिक सभा, गैरहजेरीचा दंड आणि पाळीने गळ्यात येणारे चिटणीसपद हा ज्या संस्थेचा संसार, ती आपणांस परकी वाटू नये. शिवाय आमच्या आपत्तिनिधीच्या नियमांत 'ज्ञातिबांधव' हा शब्द ठेवावा की 'गावकरी' हा घालावा, ही गेल्या सभेतील चर्चा अपुरीच राहिली आहे. तोच प्रश्न त्या मंडळींपुढे जळत्या घराच्या रूपाने उभा राहिला होता.

१७३० साली फिशबर्नच्या धक्क्यावर आग लागून तेथील वखारी व काही घरे भस्मसात झाली. ते शहर त्या काळी आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढेच होते. तेथील मुद्रक बेंजामिन फ्रँकलिन याने फेब्रुवारी १७३५ मध्ये आपल्याच वृत्तपत्रात एका थकलेल्या वृद्धाच्या भूमिकेतून पत्र लिहिले. वस्तुतः तेव्हा त्याचे वय अवघे २९ होते! जळते निखारे उघड्या फावड्यावरून एका खोलीतून दुसरीत नेऊ नयेत, धुराडी वेळच्या वेळी साफ व्हावीत, असा घरगुती उपदेश त्यात होता. आणि बोस्टन या त्याच्या जन्मगावी १७१७ पासून चालत आलेल्या परस्परसाहाय्य मंडळाचा दाखलाही होता. त्यातूनच ७ डिसेंबर १७३६ रोजी 'युनियन फायर कंपनी' स्थापन झाली.

तिची नियमावली वाचताना आम्हांस मोठे कौतुक वाटले. प्रत्येक सभासदाने स्वखर्चाने चामडी बादल्या आणि तोंडाशी ओढदोरी असलेल्या मोठ्या कापडी पिशव्या बाळगावयाच्या, त्यांवर आपले व मंडळीचे नाव घालावयाचे. पिशव्या कशासाठी? जळत्या घरातील चीजवस्तू भरून बाहेर काढण्यासाठी! रात्री आगीची हाक ऐकू येताच खिडकीत दिवे लावावयाचे, म्हणजे रस्ता उजळतो. मग बादल्या-पिशव्या घेऊन धावावयाचे. काहींनी सामान वाहावयाचे, तर काहींनी दारावर पहारा ठेवावयाचा; कारण आगीपाठोपाठ चोर येतो, हा अनुभव तिकडेही होताच. पाण्यासाठी माणसांच्या दोन रांगा लागत. एकीतून भरलेल्या बादल्या हातोहात पुढे जात, दुसरीतून रिकाम्या परत येत. बंब असला तरी त्याच्या हौदात पाणी बादल्यांनीच ओतावे लागे, आणि दोन्ही बाजूंचे दांडे माणसांनी आळीपाळीने खालीवर करावयाचे.

शिक्षण म्हणावयाचे ते मासिक सभेतच होई. सायंकाळी एकत्र बसावे, आगीसंबंधी ज्याला जे सुचले ते सांगावे. चिटणीसपद महिन्यामहिन्याला फिरे, आणि घरोघरच्या बादल्या तपासून अहवाल देणे हे चिटणिसाचे काम असे. (आमच्या चिटणिसांनी हे वाक्य वाचून मनास लावून घेऊ नये.) गैरहजर राहणाऱ्यांच्या दंडातून पुढे बंब, शिड्या आणि लोखंडी आकडे खरेदी झाले, असे फ्रँकलिनने आत्मचरित्रात नमूद केले आहे. सभासद तीसच. अधिक लोक येऊ लागले तेव्हा त्यांना दुसरी मंडळी काढण्याचा सल्ला मिळाला, आणि अशा मंडळ्या वाढत जाऊन मालमत्ता असलेले बहुतेक नागरिक त्यांत सामील झाले.

येथवरची हकीकत गोड आहे. पण 'दुसरी काढा' हे उत्तर सर्वांना मिळाले नाही. १८१८ साली शहरातील कृष्णवर्णीयांनी स्वतःची अग्निशामक मंडळी काढू म्हटले, तेव्हा गोऱ्या मंडळ्यांनी कडाडून विरोध केला. हा विरोध अंगावर येईल या भयाने कृष्णवर्णीय समाजातील काही धुरीणांनीच तो बेत सोडून देण्याचा आग्रह धरला, आणि तो सुटला. पुढे गुलामगिरीच्या विरोधकांनी 'पेनसिल्व्हेनिया हॉल' हे भव्य सभागृह बांधले. १४ मे १८३८ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि १७ मेच्या रात्री जमावाने ते पेटविले. बंब आले, पाणीही होते. पण ते शेजारच्या इमारतींवर मारण्यात आले. सभागृह जळू देण्यात आले.

त्याच सुमारास मंडळ्यामंडळ्यांत वस्ती, वंश व धर्म यांवरून फळ्या पडल्या होत्या. आगीवर अगोदर कोण पोहोचला यावरून भर रस्त्यात मारामाऱ्या होत. फ्रँकलिनने उतारवयात आपल्या मंडळीविषयी अभिमानाने लिहिले तेव्हा मूळ सभासदांपैकी तो स्वतः आणि त्याच्याहून वर्षाने वडील असा आणखी एक, एवढेच हयात होते. हे पुढचे काही त्याने पाहिले नाही. अखेर शहराने पगारी अग्निशामक दल उभारले, आणि १५ मार्च १८७१ रोजी स्वयंसेवक मंडळ्यांकडून आगीचे काम काढून घेण्यात आले.