तीव्र संशय : गॅलिलिओच्या निकालपत्रातील एक संज्ञा

२२ जून १६३३ रोजी रोममधील मिनेर्व्हाच्या मठात, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, गॅलिलिओने गुडघे टेकून पृथ्वीच्या गतीचे मत शपथपूर्वक सोडले. त्याला ‘पाखंडी’ ठरवण्यात आले असे आपण सहज म्हणून जातो. निकालपत्राची भाषा मात्र वेगळी आहे. त्याच्यावर पाखंडाचा ‘तीव्र संशय’ आहे, एवढेच ते म्हणते. हा भेद म्हणजे वकिली शब्दच्छल नव्हे. साऱ्या प्रकरणाचे मर्म त्यात आहे, असे आम्हांला वाटते.

कॅथॉलिक परंपरेत पाखंड ही शिवी नसून काटेकोर संज्ञा आहे. ईश्वराने प्रकट केलेले आणि चर्चने श्रद्धेचा विषय म्हणून मांडलेले सत्य बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीने हट्टाने नाकारणे, म्हणजे पाखंड. नुसती चूक पाखंड ठरत नाही. हट्ट असावा लागतो. संशयाच्याही पायऱ्या होत्या : सौम्य, तीव्र आणि अतितीव्र. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तर केवळ ‘निवड’, आणि पुढे ‘मतपंथ’. आपल्या ‘पाखंड’ शब्दाची कथाही अशीच आहे. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे कोणताही धर्मपंथ, आणि दुसऱ्याच्या पासंडाचाही आदर करावा असे तो लेख सांगतो. दोन्ही भाषांत निवडीचा, पंथाचा वाचक शब्द कालांतराने दोषाचा वाचक झाला.

परंतु पृथ्वी फिरते की सूर्य, हा श्रद्धेचा विषय झालाच कसा? ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ साली असा दंडक घातला होता की, श्रद्धा आणि नीती यांच्या बाबतीत धर्मपित्यांच्या एकमुखी अर्थाविरुद्ध कोणी बायबलचा अर्थ लावू नये. गॅलिलिओने १६१३ साली कास्तेल्ली यास आणि १६१५ साली क्रिस्तिना या राजमातेस लिहिलेल्या पत्रांत नेमका याच मर्यादेचा आधार घेतला. खगोल हा श्रद्धेचा वा नीतीचा विषय नव्हे. बायबल सामान्य जनांना समजेल अशा भाषेत बोलते. म्हणून यहोशवाच्या आज्ञेने सूर्य थांबला, या कथनातून ग्रहगणित काढू नये, असे त्याचे प्रतिपादन होते.

कार्डिनल बेलार्मिनो यांनी १२ एप्रिल १६१५ रोजी फोस्कारिनी या कार्मेलाइट धर्मगुरूस लिहिलेल्या पत्रात ही वाट बंद केली. विषय पाहता ही गोष्ट श्रद्धेची नसेल. पण सांगणारा पवित्र आत्मा आहे, म्हणून वक्त्याच्या बाजूने ती श्रद्धेचीच ठरते. अब्राहमला दोन पुत्र होते हे नाकारणेही त्यांच्या लेखी पाखंडच. मात्र त्याच पत्रात, पृथ्वीच्या गतीचा खरा पुरावा मिळाल्यास बायबलचा अर्थ पुन्हा सावधपणे तपासावा लागेल, अशी कबुलीही आहे. तसा निर्णायक पुरावा तेव्हा गॅलिलिओजवळ नव्हता; भरती-ओहोटीवरून त्याने मांडलेला युक्तिवाद चुकीचा होता.

२४ फेब्रुवारी १६१६ रोजी धर्मन्यायपीठाच्या सल्लागार पंडितांनी सूर्याची स्थिरता ‘पाखंडी’ आणि पृथ्वीची गती ‘श्रद्धेच्या दृष्टीने निदान चुकीची’ ठरवली. परंतु ५ मार्चच्या जाहीर आदेशात ‘पाखंड’ हा शब्द नव्हता. तेथे हे मत खोटे आणि बायबलविरोधी म्हटले होते, आणि कोपर्निकसच्या १५४३ सालच्या ग्रंथावर दुरुस्ती होईपर्यंतच स्थगिती होती. १६२० साली त्या दुरुस्त्या प्रसिद्धही झाल्या. पोपने वा धर्मपरिषदेने सूर्यकेंद्री मताला पाखंड म्हणून विधिवत घोषित केले, असे कधीच झाले नाही.

१६३३ साली हीच मोकळी जागा भरून काढण्यात आली. गॅलिलिओचा ‘संवाद’ हा ग्रंथ १६३२ साली धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीनेच छापला गेला होता. तरीही, बायबलविरोधी ठरलेले मत संभाव्य म्हणून बाळगता येते असे मानणे, हेच निकालपत्राने संशयाचे कारण धरले. म्हणजे प्रश्न आता आकाशाचा उरला नाही, आज्ञापालनाचा झाला. दहा न्यायाधीश कार्डिनलांपैकी सातांच्याच सह्या त्या पत्रावर आहेत. गॅलिलिओ १६४२ साली मृत्यू येईपर्यंत नजरकैदेत राहिला.

१८३५ च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून ‘संवाद’ आणि कोपर्निकसचा ग्रंथ वगळले गेले. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी धर्मपंडितांची चूक मान्य केली. बायबलच्या अर्थनिर्णयात गॅलिलिओ आपल्या विरोधकांपेक्षा अधिक मर्मज्ञ ठरला, असेही त्यांनी नमूद केले.

साहित्याच्या अध्यापकांना व विद्यार्थ्यांना हे शेवटचे विधान विशेष महत्त्वाचे वाटावे. हा खटला दुर्बिणीचा जितका, तितकाच वाचनाचा होता : कोणते वाक्य शब्दशः घ्यावे, कोणते लक्षणेने, आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? चर्चकडे चूक, धाडस, संशय आणि पाखंड यांत भेद करणारी सूक्ष्म भाषा होती. ती अपुरी पडली नाही. ती ज्यांच्या हाती होती, त्यांनीच ऐन वेळी ती सोडून दिली. त्या वृद्धाला ‘पाखंडी’ म्हणताना आपणही तोच भेद पुसून टाकत असतो.