युद्ध कोरियात, वाद पॅरिसात

कोरिया कुठे आणि फ्रान्स कुठे! पण २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाचे सैन्य दक्षिणेत घुसले आणि पॅरिसमधल्या पक्षोपपक्षांची झोप उडाली. दुभंगलेला कोरिया असा पेटतो, तर दुभंगलेला जर्मनी उद्या का पेटणार नाही? अमेरिकेने सप्टेंबरात सरळच सांगितले, की पश्चिम युरोपच्या रक्षणासाठी जर्मनांच्या हाती पुन्हा शस्त्रे द्यावी लागतील. चार वर्षे जर्मन टाचेखाली काढलेल्या देशाला हे रुचावे कसे?

पंतप्रधान रने प्लेव्हेन यांनी ऑक्टोबरात तोड काढली. जर्मन शिपाई असावेत, पण जर्मन सेना नसावी. पश्चिम युरोपातल्या देशांच्या पलटणी मिळून एकच युरोपीय सेना उभारावी. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड व लक्झेंबर्ग यांनी २७ मे १९५२ रोजी तसा तह केला. ब्रिटन काठावरच उभा राहिला.

तह झाला खरा, पण तो मंजूर कोण करणार? शुमन यांचा ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्ष त्याचा खंदा पुरस्कर्ता. कम्युनिस्टांचा विरोध, आणि एरवी त्यांचे तोंडही न पाहणाऱ्या द गॉल-अनुयायांचाही विरोध! जानेवारी १९५३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाला या अनुयायांची मते हवी होती. शुमन यांना परराष्ट्रखाते सोडावे लागले. मार्चमध्ये स्टालिन वारले, जुलैत कोरियातल्या तोफा थंडावल्या. ज्या धास्तीपोटी ही सेना कल्पिली, ती धास्तीच ओसरू लागली.

इकडे फ्रान्सचे स्वतःचे युद्ध हिंदी चीनमध्ये चालूच होते. अनुभवी फ्रेंच अधिकारी तिकडे गुंतलेले. मग युरोपीय सेनेत वरचष्मा कुणाचा राहील? अर्थात जर्मनांचा, असे विरोधक म्हणत. ७ मे १९५४ रोजी दिएन बिएन फू पडले. जूनमध्ये मांदेस-फ्रान्स पंतप्रधान झाले, जुलैत जिनिव्हाला समेट झाला. आणि ३० ऑगस्टला फ्रेंच प्रतिनिधिसभेने तह ३१९ विरुद्ध २६४ मतांनी बाजूला सारला. तेही तहावर थेट मत न घेता, चर्चाच पुढे चालवू नये असे ठरवून! समाजवादी पक्षाच्या परिषदेने तहाला पाठिंबा दिला होता. तरी त्याच्या निम्म्याहून अधिक सभासदांनी विरुद्ध मत दिले. मला वाटते, जर्मनीच्या भयाइतकेच दिएन बिएन फूचे शल्य त्या दिवशी बोलले. नुकत्याच हरलेल्या सेनेला आपला झेंडाही उतरवायला सांगणे सोपे नसते. गंमत अशी, की १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी नाटोत आला आणि त्याची स्वतंत्र सेना उभी राहिलीच.

मग सुएझ. १९५६ मध्ये पंतप्रधान होते समाजवादी गी मोले. अमेरिकेच्या दडपणाखाली ब्रिटनने ६ नोव्हेंबरला माघार घेतली, तेव्हा फ्रान्सला एकट्याने लढणे शक्य नव्हते. त्याच दिवशी जर्मन चान्सेलर आडेनाउअर पॅरिसमध्ये मोले यांच्या भेटीला आलेले होते. इंग्रजांच्या भरवशावर बसण्यापेक्षा शेजाऱ्यांशी जमवून घ्यावे, हा विचार त्यानंतर बळावला. सामायिक बाजारपेठेचा रोमचा तह मार्च १९५७ मध्ये झाला, आणि जुलैत त्याच प्रतिनिधिसभेने तो ३४२ विरुद्ध २३९ मतांनी मंजूर केला. तीन वर्षांपूर्वी दुभंगलेले समाजवादी आता जवळजवळ एकमुखाने अनुकूल होते. विरुद्ध मत देणाऱ्यांत कम्युनिस्ट होते, आणि खुद्द मांदेस-फ्रान्सही होते.